मिरगाच्या आत जिप्सी

(दृश्य: वाळपईजवळची पत्र्याची शेड. गाडी चार स्टँडवर, चाकं काढलेली.)

लष्कराच्या लिलावातून आलेली ही मारुती जिप्सी किंग. १२९८ सीसीचं इंजिन. पण बॉनेट बंद आहे आणि सध्या बंदच राहू दे. तेल-पाणी वेळेवर मिळालं की हे इंजिन सहसा रडत नाही. गोव्यात गाडी कुजते ती खालून. खारी हवा आणि तांबडा चिखल, दोघं मिळून पत्रा खातात.

रबरी मॅट उचला, पायाखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. खपली सुटली तर घासून भागेल. टोक आत गेलं तर तेवढा भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा कडेला कड लावून जोडायचा. वरून पट्टी डकवली तर दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि गंज आतल्या आत पसरतो. गंजावरच काळं डांबरी कोटिंग मारणं त्याहून वाईट. बाहेरून गाडी झकास दिसते, आत चाळण होते. आधी वायर ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज मारणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळ पेटीत लांब नळीने मेण फवारा, पण पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

आता अ‍ॅक्सल. कुळ्याहून दूधसागरच्या वाटेवर नदीत उतरलेल्या गाडीत काय होतं पाहा. तापलेलं डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला, त्यांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) थंड पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. तेलाचा रंग दुधाळ कॉफीसारखा होतो. यावरचा उपाय स्वस्त आहे. अ‍ॅक्सलवरच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडाला, तेल सोसणारी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधायची. तरी शंका आली तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग अर्धाच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आधी तेच टपकतं.

तेल बदलताना भरायचा प्लग आधी उघडून बघा. तो गंजून अडकला असेल आणि खालचं तेल तुम्ही सोडून बसला असाल, तर गाडी तिथेच उभी. पुढच्या डिफरन्शियलला २ लिटर, मागच्याला दीड, गिअरबॉक्सला १.३ आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला) ०.८ लिटर. डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल चालतं, गिअरबॉक्सला जीएल-४च घाला. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पडू देणाऱ्या, पितळी रिंगा खातात.

पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही खडखड राहिली तर दोष किंगपिनचा. वेगात स्टिअरिंग थरथरतं, त्याचं मूळही बऱ्याचदा इथेच सापडतं. स्प्रिंगच्या पाट्या चेसिसला टांगणाऱ्या शॅकलचे बुश झिजलेले असतील तर तेही याच वेळी बदला.

मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग आणि वर छोटा दिवा दिसला तर चकित होऊ नका. रात्रीच्या ताफ्यात मागच्या चालकाला तेवढाच उजेड दिसावा, अशी ती सोय. दिवा हवा तर ठेवा, पण त्याची लोंबकळणारी वायर चेसिसला घासून शॉर्ट होते. अशा अनाथ वायरी मुळापर्यंत शोधून काढा. हेडलाइटला रिले लावा, म्हणजे मोठा करंट स्विचमधून न जाता त्यातून जाईल. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात आणि जुना स्विच तेवढ्याने तापतो.

टायर २०५/७० ऐवजी २१५/७५ मापाचे, म्हणजे जास्त रुंद आणि उंच, घातले की व्यास सुमारे ५ टक्के वाढतो. स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५३ च्या आसपास असेल आणि चोर्ला घाटात एक गिअर खाली टाकावा लागेल. दिसायला छान, पण हौसेपोटी ओढ घालवू नये.

रंग मात्र बदलायलाच हवा. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ सांगतो. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी. चेसिसवर ठोकलेला नंबर ब्रशने साफ करून ग्रीस लावा. तो गंजाने पुसट झाला तर कागद जुळणार नाहीत.

आता उघडा बॉनेट. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) कधी बदलला ते माहीत नसेल तर तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट नवा घाला आणि कव्हरवर मार्करने तारीख व किलोमीटर लिहा. गाडी यार्डात पडून होती, म्हणून पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज धुवा, नाहीतर नवा फिल्टर पहिल्याच आठवड्यात तुंबेल.