पाचव्या डाऊनचा हिशेब

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'कॉलेज फुटबॉलमधील पंचगिरी व घड्याळ' असं छापलंय, ते आपल्या सेक्रेटरींचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पंचांच्या चुका दोन जातीच्या असतात, एक नजरेची आणि एक हिशेबाची, आणि दोन्हींना एकच न्याय लावणं बरोबर नाही. हे मी घरी बरीच वर्षं सांगतोय पण घरी कोणी ऐकून घेत नाही, त्यामुळे मंडळाचा फोन आल्यावर मी आढेवेढे न घेता हो म्हणून टाकलं.

अमेरिकन फुटबॉलमधला डाऊन म्हणजे काय हे शिकवत बसत नाही, इथे निम्म्या लोकांची मुलं मिझुरीतच शिकलीत आणि शनिवारी सकाळी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ग्रिल पेटवून त्यावर पाव भाजणारे तुम्हीच. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. हे मागच्या रांगेतल्या काकूंसाठी सांगितलं, त्या काकांसोबत नाइलाजाने आल्यात. चार प्रयत्न, काकू. पाच नाहीत.

तर 6 ऑक्टोबर 1990, शनिवार, मिझुरीतल्या कोलंबिया गावचं फॉरोट फील्ड. आपलं मिझुरी विरुद्ध कोलोराडो. शेवटचं मिनिट, मिझुरी 31-27 ने पुढे. कोलोराडोचा नेहमीचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हाताळून खेळ चालवणारा गडी, नव्हता, चार्ल्स जॉन्सन नावाचा बदली पोरगा खेळत होता आणि त्याने टीमला गोललाइनपासून 3 यार्डांवर आणून ठेवलं. घड्याळात 31 सेकंद. आता माझ्याबरोबर मोजा, बोटं बाहेर काढा, लाजू नका.

पहिला डाऊन. जॉन्सनने बॉल हातात घेऊन लगेच जमिनीवर आपटला, म्हणजे स्पाइक. याने घड्याळ थांबतं पण एक प्रयत्न खर्च होतो. एक बोट. दुसरा डाऊन, एरिक बिएनिमी बॉल घेऊन घुसला, 1 यार्डावर अडवला, कोलोराडोने आपला शेवटचा टाइमआऊट घेतला, 18 सेकंद बाकी. दोन बोटं. आणि इथेच घोळ झाला. साइडलाइनवर तो आकड्याचा दांडा घेऊन माणूस उभा असतो ना, त्या दांड्यावर 'दोन' होता तो 'तीन' व्हायला हवा होता, तो टाइमआऊटमध्ये बदललाच नाही. कोलोराडोचे कोच मॅककार्टनी त्या वेळी रेफरीला सांगत होते म्हणे की मिझुरीची पोरं मुद्दाम अंगावर पडून राहतील, वेळ खातील, तुम्ही लक्ष ठेवा. लक्ष ठेवलं बिचाऱ्यांनी. नेमकं नको तिकडे.

तिसरा डाऊन, दांड्यावर दोन. बिएनिमी परत घुसला, परत अडवला, ढिगाऱ्याखालून माणसं काढायला रेफरीने घड्याळ थांबवलं, 8 सेकंद. तीन बोटं. चौथा डाऊन, दांड्यावर तीन. जॉन्सनने परत बॉल आपटला, 2 सेकंद राहिले. चार बोटं, मंडळी. इथे बॉल मिझुरीला मिळायला पाहिजे, त्यांच्या क्वार्टरबॅकने गुडघा टेकून वेळ संपवायचा आणि पब्लिकने घरी जायचं. मैदानावर सात पंच, बाजूला साखळी धरणारे, वर प्रेसबॉक्स, स्टँडमध्ये हजारो लोक, त्यातल्या काहींनी तर ओरडून सांगितलं. तरी पाचवा डाऊन झाला. जॉन्सन स्वतः बॉल घेऊन उजवीकडे घुसला आणि पडला, पंचांनी दोन्ही हात वर केले, टचडाऊन, म्हणजे बॉल गोललाइनपार, सहा गुण. कोलोराडो 33-31.

वर आणखी मजा म्हणजे तो जॉन्सन गोललाइन ओलांडून पडला की अलीकडेच पडला यावरही वाद आहे. पण हा वाद मी आज सोडून देतोय, का ते पुढे कळेल. वेळ मिळाला तर.

पंचांचं काय झालं? निलंबन. निकालाचं काय झालं? काही नाही. बिग एट कॉन्फरन्सचे, म्हणजे या टीम्सच्या लीगचे, कमिशनर कार्ल जेम्स यांनी सांगितलं की चूक झाली खरी पण मॅचचा निकाल कायम. मॅककार्टनींना विचारलं, तुम्ही मॅच सोडून देणार का? तर ते म्हणाले नाही, आणि वर मैदान किती घसरडं होतं याची तक्रार केली! आता हा माणूस स्वतः मिझुरीचा माजी विद्यार्थी, मिझुरीकडून खेळलेला. घरचाच भेदी. बऱ्याच वर्षांनी त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला, तोपर्यंत ट्रॉफीवरची धूळ कितीदा पुसून झाली असेल. कारण त्या सीझनला कोलोराडो 11 विजय, 1 हार, 1 बरोबरी करून एपी या वृत्तसंस्थेच्या यादीत देशात पहिलं आलं. कोचेसच्या यादीत पहिलं आलं जॉर्जिया टेक, जे एकही मॅच हरलं नव्हतं. म्हणजे तो पाचवा डाऊन फक्त कोलंबियात राहिला नाही, पार जॉर्जिया टेकच्या अटलांटापर्यंत पोचला.

मी एवढा तावातावाने का बोलतोय, तर आमचे व्याही बोल्डरचे, कोलोराडो विद्यापीठाच्या गावचे. कोलोराडोमधूनच एमएस झालेले, सज्जन, शांत, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं करणारे. दर थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे येतात, टीव्हीवर मॅच लागते, कुठेतरी गोललाइनजवळ कोणीतरी स्पाइक करतं आणि व्याही हसतात. नुसते हसतात. बोलत काही नाहीत. आता व्याह्यांशी हमरीतुमरीवर यायची आपल्यात पद्धत नाही, मुलगी दिलीय, त्यामुळे मी फक्त त्यांना विचारतो, "दादासाहेब, जिलेबी अजून एक देऊ का, पाचवी?" (हशा) हे त्यांना कळतं. खातात मात्र. सोडत नाहीत. बरं, परवाच्या थँक्सगिव्हिंगला त्यांनी याच्यावर एक मुद्दा काढला, तो खरंच चांगला आहे, तो मी शेवटी सांगणार आहे.

आता कोणी म्हणेल की झालं ते झालं, मॅच संपल्यावर निकाल बदलता येत नाही. येतो! 16 नोव्हेंबर 1940, डार्टमथ विरुद्ध कॉर्नेल, हॅनोव्हर. डार्टमथ 3-0 ने पुढे, शेवटचे क्षण, कॉर्नेलचा चौथा प्रयत्न फुकट गेला, पण रेफरी रेड फ्रीसेल यांचा हिशेब चुकला आणि बॉल परत कॉर्नेलला. पाचव्या डाऊनला पास, टचडाऊन, कॉर्नेल 7-3. कॉर्नेल त्या वेळी सलग 18 मॅच न हरलेली टीम, देशातल्या वरच्या टीम्सपैकी एक. त्यांनी काय केलं? मॅचची फिल्म धुवून घेतली, स्वतः बघितली, डाऊन मोजले, आणि सोमवारी डार्टमथला तार केली की हा विजय आमचा नाही. आजही रेकॉर्डमध्ये डार्टमथ 3, कॉर्नेल 0 असंच आहे. फ्रीसेल यांनीही चूक कबूल केली. 1940 साली, फिल्म धुवायची सोय करून, तारेने! आणि 1990 ला टीव्ही, व्हिडिओ, सगळं असताना म्हणे निकाल कायम.

हां, दिसली मला चिठ्ठी. दहा मिनिटं. घड्याळाचं सगळंच राहिलंय, घेतो भरभर.

घड्याळाच्या बाबतीत मूळ भानगड ही की पूर्वी ते चालवणारा माणूस बहुतेकदा यजमान कॉलेजचाच असायचा. लुइझियाना स्टेटने 1972 साली ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, घरच्या मैदानावर 17-16 असं हरवलं, शेवटच्या प्लेला. त्याच्या आधीच्या प्लेला घड्याळ इतकं सावकाश चाललं की मिसिसिपीवाले आजही म्हणतात, राज्याच्या सीमेवर पाटी लावा, लुइझियानात स्वागत आहे, आपली घड्याळं चार सेकंद मागे करा. 2001 ला मिशिगन स्टेटनेही तसंच केलं, म्हणजे असं मिशिगनवाले म्हणतात, स्पाइक केला तेव्हा घड्याळात बरोब्बर 1 सेकंद उरला, त्या सेकंदात टचडाऊन, 26-24. घड्याळवाला अर्थातच मिशिगन स्टेटचा. मुद्दाम केलं का? मला नाही वाटत, व्हिडिओ बघून तर अजिबातच नाही. पण मुलीकडच्यांनी नेमलेला मध्यस्थ कितीही सरळ असला तरी मुलाकडचे डोळे बारीक करून बघणारच. त्यानंतर बिग टेनने घड्याळ तटस्थ माणसाकडे दिलं, हे त्या एका सेकंदाचं पुण्य.

आणि मग रिप्ले आला आणि सेकंद परत यायला लागले. 5 डिसेंबर 2009, बिग ट्वेल्वची फायनल, टेक्सास विरुद्ध नेब्रास्का. टेक्सासच्या कोल्ट मकॉयने बॉल बाहेर फेकला, घड्याळ शून्यावर, नेब्रास्काची पोरं मैदानात धावली, जिंकलो! पंचांनी रिप्ले बघितला, 1 सेकंद परत ठेवला, टेक्सासने 46 यार्डांवरून किक मारली, तीन गुण, 13-12. नेब्रास्कावाल्यांच्या जखमेवर अजून खपली धरली नाही. पण सेकंद खरंच शिल्लक होता, काय करणार? उलटी गंमत 2013 ची, अलाबामा-ऑबर्न 28-28. ऑबर्नच्या मैदानावर अलाबामाचे कोच निक सेबन यांनी भांडून एक सेकंद परत मिळवला, 57 यार्डांची किक मारायला लावली, ती कमी पडली आणि ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने ती एंडझोनच्या, म्हणजे गोललाइनमागच्या पट्ट्याच्या, पार मागच्या टोकाला पकडून अख्खं मैदान पळत टचडाऊन केला, 34-28. मागून घेतलेला सेकंद असा गळ्यात पडला.

कोचेसचा चावटपणा राहिलाच. 2006 ला मॅचेस लवकर संपाव्यात म्हणून नियम केला की किकऑफला, म्हणजे समोरच्याला बॉल लाथाडून खेळ सुरू करताना, बॉल लाथाडला की घड्याळ सुरू. विस्कॉन्सिनचे कोच ब्रेट बीलेमा यांनी पेन स्टेटविरुद्ध काय करावं, हाफ संपत आलेला, किकऑफला पोरांना मुद्दाम ऑफसाइड, म्हणजे किकच्या आधीच रेषेपुढे, पळायला लावलं, पेनल्टी घेतली, परत किक, परत ऑफसाइड, वेळ मात्र गेला तो गेलाच. पेन स्टेटचे कोच जो पॅटर्नो साइडलाइनवर लालबुंद. पुढच्या वर्षी नियम रद्द. 2024 ला ओरेगॉनने ओहायो स्टेटविरुद्ध 10 सेकंद राहिले असताना मैदानात अकराऐवजी बारा माणसं उभी केली, पेनल्टी 5 यार्डांची, पण 4 सेकंद कायमचे गेले, 32-31 ने जिंकले. आणि चार-पाच दिवसांत नियम बदलला की अशा वेळी समोरच्याला घड्याळ पूर्ववत करून मागता येईल. बघा, सीझन चालू असताना नियम बदलता येतो. निकाल तेवढा बदलता येत नाही.

दोन मिनिटं? बरं. मग मुद्दा.

गुडघा आधी टेकला की बॉल आधी सुटला, हात ओढला की नाही, जॉन्सन लाइन ओलांडून पडला की अलीकडे, ही नजर. दोन प्रामाणिक माणसं दोन उत्तरं देतील. 2015 ला मियामीने ड्यूकविरुद्ध आठ वेळा बॉल मागे फेकत शेवटच्या किकऑफवर टचडाऊन केला, मध्ये एकाचा गुडघा टेकला होता, म्हणजे प्ले तिथेच संपायला हवा होता, पंच निलंबित, निकाल कायम, आणि माझं त्याला काहीही म्हणणं नाही. पण चार मोजणं ही नजर नाही. वेळ संपल्यावर आणखी एक प्ले मिळतो का, ही नजर नाही, ते पुस्तकात लिहिलेलं आहे. 2016, ओक्लाहोमा स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन, चौथ्या डाऊनला वेळ संपवायला क्वार्टरबॅकने बॉल लांब भिरकावला, पेनल्टी झाली. नियम सांगतो की या पेनल्टीवर मॅच वाढत नाही, संपते. पंचांनी वाढवली, सेंट्रल मिशिगनने त्या फुकटच्या प्लेवर टचडाऊन केला, 30-27. कॉन्फरन्सने त्याच दिवशी चूक मान्य केली. निकाल? पाठ झालं असेल तुम्हाला.

माझी मागणी छोटी आहे. चूक मोजण्याची किंवा लिखित नियमाची असेल, आणि ती मॅचच्या शेवटच्या प्लेला असेल, म्हणजे तिच्यानंतर काहीच घडलेलं नसेल, तर सोमवार दुपारपर्यंत तो प्ले खोडा. कॉर्नेलला सोमवार पुरला होता.

आता व्याह्यांचा मुद्दा. ते म्हणाले, दांड्यावर तीन होता म्हणून आम्ही बॉल आपटला, चार दिसला असता तर आपटला असता का? आम्ही खराच प्ले केला असता, कदाचित टचडाऊन झाला असता. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे, की डाऊन मोजणं टीमचंही काम आहे, एवढे असिस्टंट कोच कशाला पाळलेत. क्रिकेटचा नियमही त्यांच्या बाजूने आहे, अंपायरने ओव्हरचे बॉल चुकीचे मोजले तर त्याने मोजली तीच ओव्हर. आणि 2019 च्या वर्ल्ड कप फायनलला इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून गेलेल्या बॉलचे पाचऐवजी सहा रन दिले, अंपायर धर्मसेनांनी नंतर मान्यही केलं, पण त्याच्यानंतर दोन बॉल आणि सुपर ओव्हर झाली, म्हणून ती माझ्या नियमात बसत नाही. न्यूझीलंडवाल्यांची क्षमा मागून. 1940 बसते, 1990 बसते, 2016 बसते, बास. 2006 च्या ओरेगॉनविरुद्धच्या मॅचवरून ओक्लाहोमावाले माझ्याकडे आशेने बघतील, पण तिथे बॉल आधी कोणाला लागला याचं भांडण होतं आणि नंतर खेळही झाला, त्यांना मी काही देऊ शकत नाही.

तबलावाली मुलं विंगेत ताटकळलीत. कोणाला भांडायचं असेल तर जेवणाच्या रांगेत या, मी आहेच, आणि व्याहीही आलेत आज, तिसऱ्या रांगेत, निळा कुर्ता, मघापासून चार बोटं वर करून बसलेत.