सोळा मोजेपर्यंत

(दृश्य : पाण्याच्या ग्लासवर ठेवलेला कांदा)

भाजीत पडता पडता वाचलेला हा कांदा. मुळं फुटली, सकाळी त्यांची टोकं कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लात ठेवली.

(दृश्य : वॉच ग्लास, स्पिरिटचा दिवा)

आता अ‍ॅसिटोकार्मिन, म्हणजे गुणसूत्रं रंगवणारा लाल रंग. कोमट करायचं, उकळू द्यायचं नाही. टोक स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठा. अंगठा सरळ खाली दाबायचा. जरा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि सगळं पहिल्यापासून. कपाटातल्या तयार स्लाइडवर हा अंगठा शिकता येत नाही.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून)

बहुतेक पेशींत केंद्रक म्हणजे नुसता लाल ठिपका. ही पेशी मात्र विभागायला लागलीय, तिच्यात दोऱ्याचा गुंता दिसतोय. आणि शेजारच्या या पेशीत तोच दोरा आखूड, जाड, सुटा सुटा. ही गुणसूत्रं.

(दृश्य : जुनी रेखाचित्रं)

जर्मनीत कील इथे वाल्थर फ्लेमिंग या जीवशास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून हेच पाहिलं, हातानं रेखाटलं आणि 1882 मध्ये पुस्तकात छापलं. 'क्रोमोसोम', म्हणजे गुणसूत्र, हा शब्द त्यानंतर सहा वर्षांनी आला. दोरा गुंडाळतं कोण, हे कळायला मात्र शतक उलटलं.

(दृश्य : अ‍ॅनिमेशन)

हा दोरा म्हणजे डीएनए. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर. त्याला आवळणारं प्रथिनांचं यंत्र शास्त्रज्ञ तात्सुया हिरानो यांच्या गटाला बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात सापडलं. 1997 मध्ये त्याला नाव मिळालं कंडेन्सिन. एसएमसी 2 आणि एसएमसी 4 या जनुकांपासून त्याचे दोन लांब हात बनतात. त्याचे प्रकार दोन. कंडेन्सिन 2 केंद्रकातच असतं, ते आधी कामाला लागतं. कंडेन्सिन 1 केंद्रकाचं आवरण फुटेपर्यंत बाहेर थांबतं. अडकलेले धागे कापून, पार करून पुन्हा जोडायचं काम टोपोआयसोमरेज 2 या विकराचं.

(दृश्य : प्रयोगशाळेतलं चित्रण)

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत 2018 मध्ये डीएनएचा एक धागा दोन्ही टोकांना चिकटवला आणि यीस्टचं कंडेन्सिन सोडलं. हा ठिपका उजळत चाललाय, तिथे डीएनए गोळा होतोय. बाजूनं प्रवाह सोडला की ठिपक्याचा फास होतो. फास वाढतोय.

एमसीपीएच 1 हे जनुक कंडेन्सिन 2 ला आवरून धरतं. ते बिघडलं तर गुणसूत्रं वेळेआधीच आवळतात. अशा बाळांचा मेंदू लहान राहतो.

(दृश्य : पुन्हा वर्ग)

कांद्याची गुणसूत्रं 16. या विद्यार्थिनीच्या मोजणीत 14 भरली. दोन कुठेतरी दुसऱ्यांखाली दबलीत. डोळा न काढता ती फोकसचा बारीक स्क्रू किंचित फिरवते.