शेर्पांच्या गावात: खुमजुंगला बटाटे लावायचे दिवस

[काळा पडदा. कुदळीचा आवाज. मग हात, मग माती.]

हे हात बटाटे लावतायत. गाव खुमजुंग, नेपाळच्या खुंबू भागातलं, उंची ३,७९० मीटरच्या आसपास, महिना एप्रिल. मागे जो टोकदार बर्फाचा डोंगर दिसतोय तो आमा दब्लम, लोक हजारो मैलांवरून त्याचा फोटो काढायला येतात, पण या वावरातलं कुणीही मान वर करून त्याच्याकडे बघत नाहीये, कारण दुपारी वारा सुटायच्या आत एवढी पट्टी संपवायची आहे.

आपण यांना शेर्पा म्हणतो. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे हा शब्द कामाचं नाव असल्यासारखा वापरतात, "आमच्यासोबत चार शेर्पा होते", जसं चार ड्रायव्हर होते म्हणावं तसं. तर आधी तेवढं नीट सांगतो. शर म्हणजे पूर्व, पा म्हणजे तिथली माणसं. पूर्वेकडून आलेली माणसं. साधारण पाचशे वर्षांपूर्वी तिबेटच्या खाम भागातून निघालेली काही घराणी डोंगर ओलांडून या बाजूला उतरली, इथेच राहिली, त्यांचा हा समाज. त्यांची स्वतःची भाषा आहे, देव आहेत, शेती आहे, सोयरिकी आहेत. डोंगर चढून पोटं भरायचं काम त्यातल्या काहीजणांच्या वाट्याला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आलंय.

या फिल्ममध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्प नाहीये. आम्ही तिकडे गेलोच नाही. आम्ही गावांत राहिलो.

[विमानाच्या खिडकीतून लुक्ला]

सुरुवात मात्र सगळ्यांची इथूनच होते. लुक्लाची धावपट्टी, लांबी फक्त ५२७ मीटर, आणि सपाट पण नाही, जवळपास बारा टक्के चढ आहे, म्हणजे विमान उतरतं तेच मुळी डोंगर चढत. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. सर एडमंड हिलरींनी १९६४ मध्ये ही बांधून घेतली, आसपासच्या गावांत शाळा-दवाखाने उभे करायचे होते त्याचं सामान उतरवायला. माती काही केल्या नीट दबेना, रोलर आणणार कुठून, तेव्हा शेर्पा लोकांनी रांगेत हातात हात घालून, पाय आपटत नाचायचा जो त्यांचा नाच आहे तोच त्या जमिनीवर नाचून नाचून ती पक्की केली. आता वर डांबर आहे. पण खालची माती नाचून दाबलेली आहे, हे मला विमानातून उतरताना माहीत असतं तर पाय जरा जपून टाकला असता.

[पायवाट, भारवाहक, पाठमोरे]

हे बघा, हा फ्रेम भरून जो माणूस चाललाय. पाठीवर बांबूची टोपली तिला डोको म्हणतात, कपाळावरून जो पट्टा गेलाय तो नाम्लो, आणि हातातली टी आकाराची काठी तोक्मा. दम लागला की काठी मागे टेकवायची, त्यावर डोको ठेवायचा आणि उभ्या उभ्याच विसावा घ्यायचा. आमच्या वाटेवर असे ज्यांच्याशी बोललो त्यातले बरेचसे राई होते, तामांग होते, मगर होते, हे नेपाळमधले वेगळे समाज, खालच्या गावांतून इथे सीझनपुरते आलेले. म्हणजे पाठीवर ओझं दिसलं की शेर्पा म्हणून हाक मारायची हे तर दोन्ही बाजूंनी चुकीचं, ना त्या राईला त्याचं नाव मिळतं ना शेर्पाला त्याचं. "दाइ" म्हणा, म्हणजे दादा, सगळ्यांना चालतं.

[मणि भिंत, कोरलेली अक्षरं, हात फिरतोय]

वाटेत अशा भिंती लागतात, दगडांवर "ओम मणि पद्मे हुं" कोरलेलं. भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तशीच दिशा. ओझं घेतलेला माणूस पण, चार पावलं जास्त पडली तरी, त्याच बाजूने जातो. आम्ही बघितलं. पताकांचे रंग पाच, निळा म्हणजे आकाश, पांढरा वारा, लाल अग्नी, हिरवा पाणी, पिवळा पृथ्वी. पंचमहाभूतं आपल्याला समजवायला नकोत.

[झुलता पूल, खाली दूधकोशी]

नामचे बाजार ३,४४० मीटरवर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी नामचे वर उरतं. शनिवारी इथे आठवडी बाजार भरतो, तांदूळ, अंडी, मिरच्या, चपला, खालून सगळं माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून आलेलं. पूर्वी इथल्या लोकांचा खरा व्यापार उत्तरेला चालायचा, नांगपा ला नावाची खिंड आहे, ५,७०० मीटरहून उंच, बर्फातून याक हाकत ती ओलांडायची, तिकडून मीठ आणि लोकर आणायची, इकडून धान्य न्यायचं. तिबेटमध्ये १९५९ नंतर परिस्थिती बदलली आणि तो व्यापार आटला, आणि मग परदेशी पाहुणे यायला लागले. आज नामचेत बेकरी आहे, वायफाय आहे, सगळं आहे. दोन रात्री उंचीची सवय होण्यासाठी थांबलो आणि वर निघालो.

[खुमजुंग, वरून. हिरवी छपरं, दगडी गडगे]

आणि हे खुमजुंग.

हे जे चौकोन चौकोन दिसतायत ते गडगे, आपल्या कोकणात असतात तसेच, चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड. प्रत्येक चौकोन म्हणजे एक वावर. मागचा हा खडकाळ डोंगर खुंबिला, हा इथला देव, अख्ख्या खुंबूचा राखणदार. एव्हरेस्टपेक्षा कितीतरी बुटका आहे, ५,७६१ मीटर, पण त्यावर कुणी चढत नाही, कारण तो देव आहे.

[बटाट्याचं पेव उघडताना. हा शॉट पूर्ण ठेवायचा]

आम्ही पोचलो त्याच सकाळी आमा, म्हणजे ज्यांच्या घरी राहिलो त्या बाई, बटाट्याचं पेव उघडत होत्या. पेव हा शब्द आपल्याकडे आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी राहिलाय, जमिनीत खड्डा करून धान्य साठवायचं ते. इथे बटाटे साठवतात. पीक निघालं की खड्ड्यात भरायचं, वर गवत, वर माती, मग हिवाळाभर बाहेर कितीही गोठलं तरी आत बटाटा शाबूत. एप्रिलमध्ये उघडायचं, बियाण्याचे वेगळे काढायचे, खायचे वेगळे. आमा एकेक बटाटा हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघतात आणि न बोलता डाव्या किंवा उजव्या टोपलीत टाकतात, मी वीस मिनिटं शूट केलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही की त्या नेमकं काय बघतायत.

[खत वाहणाऱ्या बायका]

खत घरचंच. जुन्या पद्धतीच्या घरात खालच्या मजल्यावर जनावरं आणि वैरण, माणसं वरच्या मजल्यावर. जंगलातून पाचोळा गोळा करून आणायचा, गोठ्यात अंथरायचा, संडासातही तोच टाकायचा, वर्षभर कुजू द्यायचा आणि लावणीच्या आधी टोपल्या भरभरून शेतात. शेण वाया जात नाही, ते बघा भिंतीला थापलंय, हो, गोवऱ्याच आहेत, याकच्या शेणाच्या, उन्हाला लावल्यात. जनावरांची नावं पण सांगून टाकतो कारण आम्ही सगळ्यालाच याक म्हणत होतो आणि आमांनी दोनदा दुरुस्त केलं. याक फक्त नर. मादीला नक. आणि हा सामान वाहणारा जरा बुटका, तो झोपक्यो, याक आणि गाईचा संकर. म्हणजे "याकचं दूध" ही गोष्टच नसते.

शेतात आज सात बायका आणि दोन पुरुष आहेत, पण शेत एकाच घराचं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आपल्याकडे याला सावड म्हणतात. पुढे एक जण कुदळीने सरी ओढतो, मागची बटाटा टाकते, तिच्यामागची खताची मूठ, तिच्यामागची पायाने माती लोटते, आणि पूर्ण वेळ बोलणं चालू, एक शब्द आम्हाला कळत नव्हता पण हसायला येत होतं.

[सरीतून जवळून]

हा बटाटा इथला मूळचा नाही. एकोणिसाव्या शतकात कधीतरी तो खुंबूत आला, त्याआधी फाफर आणि सातू यांच्यावरच भिस्त. फ्यूरर-हाइमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ, आपल्या चंद्रपूरच्या पलीकडे आदिलाबादेत गोंडांमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं तेच, ते नंतर इथे आले, आणि त्यांचं म्हणणं असं की बटाटा आल्यावर इथे पोटं भरून उरायला लागलं, माणसं वाढली, आणि त्या उरलेल्यातून या डोंगरांत मोठे मठ उभे राहिले. यावर नंतर बरेच वाद झालेत. पण तेंगबोचेचा मठ १९१६ मध्ये उभा राहिला, १९३४ च्या भूकंपात पडला, परत बांधला, १९८९ मध्ये जळाला, परत बांधला, आणि दर वेळी बांधणारी माणसं याच वावरांवर जगलेली होती एवढं तर खरं.

बटाटा उगवून वर आला की गावाचा एक नियम लागू होतो. गावातून दर वर्षी नावा नावाचे राखणदार नेमतात, ते तारीख ठरवतात, आणि त्या तारखेनंतर एकही जनावर गावात ठेवायचं नाही, सगळी वरच्या कुरणांवर. राहिलं तर दंड. आपण ज्याला चराईबंदी म्हणतो आणि ज्या गावांनी ती करून दाखवली त्यांची उदाहरणं देतो, ती इथे कित्येक पिढ्या चालत आलीय.

[स्वयंपाकघर. चूल, मागे तांब्याचे हंडे]

आता जेवण. रिकी म्हणजे बटाटा, आणि हे रिकी कुर. कच्चा बटाटा किसायचा. आमांची किसणी म्हणजे पत्र्याला खिळ्याने भोकं पाडलेली, उलट्या बाजूने. कीस पाण्यासकट घ्यायचा, त्यात मूठभर पीठ, आणि तव्यावर हाताने पसरवायचं, थालीपिठासारखं जाड नाही आणि घावनाइतकं पातळ नाही, मधलं काहीतरी. कडा सुटल्या की उलटायचं. वर नकच्या दुधाचं लोणी, त्याला मध्ये वितळू द्यायचं, बाजूला मिरचीचा ठेचा. हो, ठेचाच, पाट्यावर वाटलेला.

[फक्त तव्याचा आवाज, दहा सेकंद, बोलायचं नाही]

चहात मीठ आणि लोणी. चहा, लोणी, मीठ लांब लाकडी नळीत घालून घुसळतात. पहिला घोट सूप समजून घ्यावा, मग जमतं. आणि कप खाली ठेवला की भरला. नको म्हटलं की आमा म्हणतात "शे, शे", म्हणजे घ्या हो घ्या, आणि दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा घ्यावंच लागतं. आग्रह कसा असतो हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला नको, मी तीन कप प्यायलो.

जेवताना नावं विचारली. इथे मूल ज्या वारी जन्मलं ते नाव. सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, मग फुर्बा, पासांग, पेंबा, आणि रविवारचा निमा. मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे वारली-कातकरी पाड्यांवर सोम्या, बुध्या, मंगळ्या भेटतात ना, तसंच. म्हणून एका घरात दोन पासांग असू शकतात, मग धाकटा-मोठा लावायचं.

[शाळेचं पटांगण, मुलं]

खुमजुंगची शाळा १९६१ ची, शेजारच्या खुंदेचा दवाखाना १९६६ चा, दोन्ही हिलरींनी गावकऱ्यांबरोबर उभे केले. शाळा शिकून मुलं काठमांडूला जातात, पुढे परदेशात, आमांची दोन्ही मुलं बाहेरच आहेत.

[थामे. दगडगोटे, अर्धी भिंत]

हे थामे, खुंबूतलंच दुसरं गाव. तेनझिंग नोर्गे यांचं लहानपण इथलं, आणि एव्हरेस्टवर सगळ्यात जास्त वेळा गेलेले कामी रिता शेर्पाही याच गावचे. १६ ऑगस्ट २०२४ ला वरचं हिमतलाव फुटलं आणि पाणी दगड घेऊन गावात आलं, घरं गेली, शाळा आणि दवाखाना गेला.

[शांत. वारा]

डोंगरावर काय होतं ते आपल्याला बातम्यांमधून कळतंच. १८ एप्रिल २०१४ ला खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे एव्हरेस्टच्या वाटेवरच्या तुटक्या हिमनदीत, एका सकाळी बर्फ कोसळून १६ नेपाळी कामगार गेले.

[परत खुमजुंग, पहाट]

तुम्ही जाल तेव्हा बेस कॅम्पला जरूर जा, पण परतीच्या तिकिटात दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि ते खुमजुंगला द्या, थामेला द्या, मोठ्या लॉजपेक्षा जिथे घरातली माणसं स्वयंपाक करतात तिथे राहा. लावणीचे दिवस असतील तर टोपली उचलायला नाही म्हणत नाहीत, आम्ही उचलली, दुसऱ्या खेपेलाच श्वास संपला, शेतातल्या आजीबाईंची तोवर पाचवी झाली होती.

[दार. आमा गळ्यात खाता घालतायत]

निघताना आमांनी सगळ्यांच्या गळ्यात पांढरा खाता, म्हणजे मानाचं उपरणं, घातला, थर्मासमध्ये चहा भरून दिला, उकडलेले बटाटे कागदात, आणि मिठाची पुडी वेगळी.

वळणावर कॅमेरा मागे वळवला तेव्हा दार बंद होतं. आमा शेतात पोचल्या होत्या.

[कुदळीचा आवाज चालू. नावं येऊ द्या.]