भोकं नसलेली बासरी: बेस्किडची फुयार्का

[दृश्य: ओढ्याकाठी वाळुंजाची फांदी कापणारे हात]
दक्षिण पोलंड, बेस्किड डोंगररांगा. वसंतात वाळुंजात रस चढतो, तेव्हाच साल लाकडापासून सुटते. फांदी सरळ हवी, अंगठ्याएवढी जाड आणि बिनगाठीची. गाठीपाशी साल हमखास फाटते.

[दृश्य: सुरीची मूठ सालीवर]
साल ओली करून सुरीच्या मुठीनं चहूबाजूंनी हलकं ठोकायचं. एकाच जागी जोर पडला की चीर गेलीच. मग दोन्ही हातांनी पिळायचं. ‘चट्’ असा आवाज आला की साल सुटली.

[दृश्य: बूच, अगदी जवळून]
सुटलेली साल हीच नळी. तिच्या वरच्या तोंडातलं बूच त्याच फांदीच्या लाकडाचं. त्याची वरची बाजू जेमतेम मिलिमीटरभर तासून सपाट करतात. हीच फुंकेची वाट. जास्त तासलं तर सुराऐवजी नुसती फुसफुस. खिडकी म्हणजे नळीवर कापलेली फट, सूर तिथेच फुटतो. बुचाचं टोक खिडकीच्या अलीकडच्या कडेशी जुळायला हवं. ते पुढे सरकून खिडकीत आलं की वाद्य मुकं.

[दृश्य: नळीच्या खालच्या तोंडावर उघडझाप करणारं बोट]
बोटांसाठी भोकं नाहीतच. नळी लांब आणि अरुंद असल्यानं फुंक वाढवत नेली की एकावर एक स्वयंभू स्वर निघतात, तानपुऱ्यात गंधार उमटतो तसे. वरच्या सप्तकात खालचं तोंड उघडं ठेवलं की सा, ग, प. बोटानं बंद केलं की रे आणि मध्यम. हा मध्यम शुद्ध नाही, तीव्रही नाही, दोन्हींच्या जवळजवळ मधोमध आहे: बंद नळीच्या मूळ स्वराच्या अकरा पट कंपनांचा. इथल्या गुराल, म्हणजे डोंगरी लोकांच्या गाण्यातही चढा मध्यम ऐकू येतो. पियानोशी जुळत नाही म्हणून त्याला बेसूर ठरवणं सरळ चूक आहे. या वाद्याचा सगळा कस त्याच स्वरात आहे.

[दृश्य: लाकडी फुयार्का वाजवणारा मेंढपाळ]
सालीची बासरी काही दिवसांत वाळून चिरते. तोवर ती पाण्यात ठेवायची. टिकाऊ हवी तर लाकूड कोरून करतात. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात नाच आणि नाचाचं संगीत बंद असे, तेव्हाही ही वाजे. म्हणूनच तिचं नाव ‘उपवासाची फुयार्का’.

[दृश्य: झिव्येत्सचा रंगमंच]
बेस्किडमधल्या झिव्येत्स गावच्या गुराल लोककला महोत्सवात वादकांचीही स्पर्धा असते. गावोगावी मात्र ही बासरी करणारे आता मोजकेच.