खात्याचा संघ : थाई हवाई दलाच्या फुटबॉल क्लबची 82 वर्षे

मित्रहो, आज ज्या क्लबविषयी मी बोलणार आहे, तो 2019 चा हंगाम संपल्यावर बंद झाला. थायलंडच्या हवाई दलाला स्वतंत्र दलाचा दर्जा 9 एप्रिल 1937 रोजी मिळाला आणि त्याच वर्षी दलाचा फुटबॉल संघही उभा राहिला. म्हणजे दल आणि संघ समवयस्कच. दल अर्थातच आजही आहे. संघ का उरला नाही, हे समजून घ्यायचे तर त्या देशात फुटबॉल कोणाच्या आश्रयाने वाढले, तिथून सुरुवात करावी लागेल.

सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, हा खेळ इंग्लंडहून शिकून परतलेल्या मंडळींनी आणला. राजे वजिरावुध, म्हणजे सहावे राम, हे स्वतः सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात आणि ऑक्सफर्डला शिकलेले होते, आणि 1916 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सयामची फुटबॉल संघटना स्थापन झाली. त्या काळात मैदानात उतरणारे संघ गावांचे किंवा वस्त्यांचे नव्हते. ते दरबारी खात्यांचे, शाळांचे आणि लष्करी विद्यालयांचे होते. त्याच वर्षी सुरू झालेला राजचषक, ज्याला वर्णमालेतील पहिल्या अक्षरावरून ‘क’ चषक म्हणतात, पुढची 80 वर्षे देशातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा मानला गेला. 1950 च्या दशकात आणि 1960 च्या सुरुवातीला हा चषक हवाई दलाने इतक्या वेळा जिंकला की, इतर संघ जणू दुसऱ्या क्रमांकासाठीच खेळत असावेत.

या यशामागचे कारण साधे होते आणि आपल्याकडे स्पोर्ट्स कोट्यातून झालेली भरती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगायला नको. ज्या काळात फुटबॉल खेळून पोट भरण्याची सोय नव्हती, त्या काळात हवाई दल खेळाडूला हुद्दा, दरमहा पगार आणि निवृत्तिवेतनाची हमी देत असे. गुडघा निकामी झाला तरी नोकरी शाबूत राहत असे. शिवाय जागेची वाण कधीच नव्हती. (डॉन मुआंग विमानतळावर दोन धावपट्ट्यांच्या मधल्या पट्ट्यात हवाई दलाचे गोल्फचे मैदान आहे, यावरून या दलाच्या क्रीडाप्रेमाची कल्पना यावी.) बँकॉकच्या उत्तरेला, पथुम थानी प्रांतातील थुपातेमी स्टेडियम हे संघाचे घरचे मैदान होते.

या व्यवस्थेने घडवलेला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे पियापोंग प्यू-ऑन. हवाई दलाचा हा आक्रमक 1980 च्या दशकात दक्षिण कोरियातील लकी-गोल्डस्टार क्लबकडे गेला. हाच क्लब आज एफसी सोल या नावाने ओळखला जातो. 1985 च्या हंगामात हा क्लब कोरियाचा विजेता ठरला, पियापोंगने 12 गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, आणि सहकाऱ्यांना गोल करून देण्यातही तोच त्या हंगामात सर्वांच्या पुढे होता. आग्नेय आशियातील खेळाडू परदेशी लीगमध्ये अपवादानेच दिसत, अशा काळातली ही कामगिरी आहे. माझ्या मते तिचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे कोणी ओळखलेले नाही. मलेशियातही खेळून तो पुन्हा हवाई दलाच्याच संघात परतला, आणि पुढे या संघाचा प्रशिक्षकही झाला.

1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. नाव राष्ट्रीय असले तरी संघ मात्र राजधानीतले आणि आसपासचेच होते: बँका, बंदर प्राधिकरण, टेलिफोन खाते, तंबाखू महामंडळ, पोलीस आणि तिन्ही दले. पहिले विजेतेपद बँकॉक बँकेने घेतले, 1997 चे आणि 1999 चे हवाई दलाने. याच काळात आर्थिक संकटाने थायलंडचे कंबरडे मोडले होते. 1994 आणि 1995 असे सलग दोनदा आशियाई क्लब अजिंक्यपद जिंकलेला थाई फार्मर्स बँकेचा संघ 2000 मध्ये गुंडाळला गेला. खात्याने मनात आणले तर विजेता संघसुद्धा एका निर्णयाने नाहीसा होतो, हे तेव्हाच दिसले होते; पण लष्करी संघांवर अशी वेळ येईल, असे त्या वेळी कोणाला वाटले नसावे.

खरा बदल 2009 मध्ये झाला. आशियाई फुटबॉल महासंघाच्या आग्रहाने थाई लीगमधील प्रत्येक क्लबला स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदणी करणे भाग पडले. याच महासंघाच्या परवाना-निकषांमुळे 2013 मध्ये मुंबईचे एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ आय-लीग या भारतातील तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगबाहेर गेले, हे इथे अनेकांना आठवत असेल. थायलंडमध्ये बहुतेक खात्यांनी या बदलातून आपापला मार्ग काढला. क्रुंग थाई बँकेचा संघ बँकॉक ग्लासकडे गेला. पोलिसांचा संघ पुढे 2017 मध्ये टेरो या खाजगी क्लबशी जोडला गेला. हवाई दलाने मात्र संघ स्वतःकडेच ठेवला आणि पुरस्कर्त्यांनुसार नाव बदलले: कधी एअर फोर्स एव्हिया, कधी एअर फोर्स सेंट्रल.

नावे बदलली तरी प्रेक्षक वाढले नाहीत. हा क्लब कोणत्या गावाचा, या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण तो कोणत्याच गावाचा नव्हता. 2014 मध्ये तो वरच्या श्रेणीत परतला आणि वर्षभरात खाली आला. 2018 मध्ये पुन्हा तेच घडले. त्या वर्षी लीग 18 संघांवरून 16 वर आणायची असल्याने पाच संघ खाली गेले आणि त्या पाचांत नौदलाचाही संघ होता. पुढच्या वर्षअखेरीस हवाई दलाचा क्लब बंद झाला आणि त्याच सुमारास भूदलाचा आर्मी युनायटेडही, ज्याची परंपरा 1916 पर्यंत मागे जाते. व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंचे पगार चढत असताना तोटा सोसत राहण्याचे कारण दलाकडे उरले नव्हते; आणि संघ चालवण्याचा निर्णय जसा वरून झाला होता, तसाच बंद करण्याचाही झाला.

2018 चे विजेतेपद बुरीराम युनायटेडने जिंकले. हा क्लबदेखील मुळात खात्याचाच, प्रांतिक वीज प्राधिकरणाचा. 2008 मध्ये तो देशाचा विजेता ठरला, तेव्हाही त्याचा म्हणावा असा प्रेक्षक नव्हता. पुढच्याच वर्षी राजकारणी नेविन चिडचोब यांनी तो ताब्यात घेऊन बँकॉकपासून सुमारे 400 किलोमीटर दूर असलेल्या आपल्या बुरीराम गावी नेला, तिथे स्वतंत्र स्टेडियम बांधले, आणि ज्या प्रांतात मोठा फुटबॉल सामना कधी पोहोचला नव्हता तिथली माणसे दर आठवड्याला मैदानात येऊ लागली.