बेसी जागा सोडतो

(पियानोचे तीन सूर. टिंग... टिंग... टिंग. मग बँडचा एकच दणका.)

ऐकलंत ना? पंधरा-सोळा जणांचा बँड इतका वेळ हॉल दणाणून सोडत होता, आणि एकदम सगळे गप्प झाले, आणि पियानोवरच्या माणसाने एका बोटाने वाजवावेत तसे तीन बारीक सूर वाजवले, आणि मग सगळ्यांनी मिळून गाणं संपवलं. स्विंगवर, म्हणजे नाचायला लावणाऱ्या अमेरिकन जॅझवर, डान्स करणारी माणसं जगात कुठलीही असोत, हे तीन सूर आले की त्यांना बरोब्बर कळतं की आता संपतंय, जोडीदाराचा हात नीट धरा. पियानोवरचा हा माणूस, बँडचा प्रमुख, म्हणजे काउंट बेसी.

खरं नाव विल्यम जेम्स बेसी. जन्म २१ ऑगस्ट १९०४, न्यू जर्सीमधलं रेड बँक नावाचं छोटं गाव. आई लोकांचे कपडे धुवायची, आणि त्या पैशातून एका धड्याचे २५ सेंट देऊन तिने पोराला पियानो शिकवला. पोराला मात्र ड्रम वाजवायचे होते! पण त्याच भागात सनी ग्रीअर नावाचा दुसरा मुलगा होता, जो पुढे ड्यूक एलिंग्टन या नावाजलेल्या बँडप्रमुखाचा ड्रमर झाला, आणि त्याचा हात बघून बेसीने ड्रमचा नाद सोडला. गावातल्या थेटरात पडेल ते काम करायचं आणि मूकपटांना पियानोची साथ द्यायची, असं त्याचं शिक्षण चाललं होतं.

मग विशीच्या सुमाराला तो हार्लेमला, न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीत गेला. तिथे लिंकन थिएटरमध्ये फॅट्स वॉलर ऑर्गन वाजवायचा, आणि बेसी रोज जाऊन बसायचा, अक्षरशः जमिनीवर बसून वॉलरचे पाय पेडलवर कसे फिरतात ते बघायचा. तेव्हाच्या हार्लेममध्ये जो पियानो चालायचा त्यात डावा हात सारखा खालून वर उड्या मारतो, उजवा हात सुरांचा पाऊस पाडतो, श्वास घ्यायला फुरसत नाही. बेसीला हे सगळं येत होतं हं, उत्तम येत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने यातलं बहुतेक सगळं सोडून दिलं.

१९२७ मध्ये एका फिरत्या शोबरोबर तो कॅन्सस सिटीला पोचला, शो तिथेच बंद पडला आणि हा अडकला. पण अडकला ते बरं झालं, कारण दारूबंदीच्या काळातही ते शहर रात्रभर जागं असायचं आणि वादक पहाटेपर्यंत एकमेकांशी भिडायचे. आधी ब्लू डेव्हिल्स, मग बेनी मोटनचा बँड, आणि १९३५ मध्ये मोटन अचानक गेल्यावर रेनो क्लबमध्ये बेसीचा स्वतःचा बँड. त्याचं रेडिओवर प्रक्षेपण व्हायचं, ते शिकागोत गाडीतल्या रेडिओवर जॉन हॅमंड नावाच्या प्रोड्यूसरने ऐकलं आणि तो थेट कॅन्सस सिटीला आला. 'वन ओ'क्लॉक जंप' हे नावही रेडिओमुळेच पडलं, निवेदकाला ट्यूनचं नाव हवं होतं, मूळ नाव हवेवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि घड्याळात एक वाजत आला होता!

(गिटारचा आवाज. एकसारखे चार ठोके.)

आता हे जरा लक्ष देऊन ऐका. हा फ्रेडी ग्रीन, १९३७ मध्ये बँडमध्ये आला. गिटारला अँप्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीच, नुसते चार ठोके, पुन्हा चार ठोके, गाणं संपेपर्यंत. त्याच्या शेजारी वॉल्टर पेजचा बास पायऱ्या चढल्यासारखा चालतो, आणि ड्रमर जो जोन्स दणदणाट कमी करून लय हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटायच्या जोडझांजांवर नेतो. तिघांनी मिळून ठेका असा धरला की पियानोला ठेका धरायची गरजच उरली नाही. बेसीचा डावा हात मोकळा झाला, आणि त्याने तो हात भरून काढायच्या ऐवजी मोकळाच ठेवला. आपल्याकडे गवई जागा घेतो म्हणतात ना, तसा बेसी जागा सोडतो. दोन सूर, मग नुसती लय. मग कुठेतरी एक सूर, नेमका तुम्ही वाट बघायचं सोडलेलं असताना.

आणि त्या सोडलेल्या जागेत नाचणारा येतो. मी स्वतः लिंडी हॉप, म्हणजे स्विंगवरचा जोडीने करायचा नाच, शिकताना हे अनुभवलंय, भरगच्च संगीतावर पाय नुसते पळतात, बेसीवर पायांना थांबता येतं, एक सूर टाचेने उचलता येतो, पुढचा सोडून देता येतो.

हा नाच वाढला हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये, लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर, १९२६ ते १९५८. दोन स्टेज होते, एक बँड थांबला की दुसरा सुरू, आणि काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे, त्या काळच्या अमेरिकेत! १६ जानेवारी १९३८ ला तिथे बेसी विरुद्ध चिक वेब असा सामना झाला, वेब म्हणजे ड्रमर आणि बँडप्रमुख, सॅव्हॉयचा राजा. निकालावर एकमत काही झालं नाही. सॅव्हॉयचा सगळ्यात लाडका डान्सर फ्रँकी मॅनिंग, त्याचं आवडतं गाणं मात्र बेसीचंच, फ्रँक फॉस्टरने लिहिलेलं 'शायनी स्टॉकिंग्ज'.

(थोडं बाजूला जाऊन सांगतो, ही हवा मुंबईपर्यंत आली होती. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानिस्ट तीसच्या दशकात ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचा, गोव्याचे वादक स्विंगमध्ये तयार झाले, आणि त्यातलाच चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमात वाजवत होता.)

१९५० मध्ये मोठा बँड परवडेना म्हणून बेसीने तो मोडला, आणि दोन वर्षांत पुन्हा उभा केला. 'लिल डार्लिन' याच दुसऱ्या बँडचं. नील हेफ्टीने ते जलद चालीत लिहून आणलं होतं, बेसीने लय इतकी खाली आणली की त्यावर नाचताना तोल सांभाळायला खरी ताकद लागते.

शेवटची वर्षं तो छोट्या इलेक्ट्रिक स्कूटरवर बसून स्टेजवर यायचा. १९८४ मध्ये गेला. पण तोवर पद्धत तीच, आधी पियानो, गिटार, बास आणि ड्रम एवढंच सुरू करायचं, लय पायात नीट बसली की नाही ते बघायचं, नसेल बसली तर आणखी आठ बार (म्हणजे आठ आवर्तनं) वाजवायचे, आणि तोवर मागे सगळे ट्रम्पेटवाले वाद्य हातात धरून त्याच्याकडे बघत बसलेले.

(पियानो सुरू. फ्रेडी ग्रीनचे चार ठोके.)