म्हशीची धार कोणी काढली?

मंडळी, नमस्कार. आधी भरीताबद्दल बोलतो, कारण भरीताच्या पंगतीनंतर भाषण ठेवायचं धाडस तुमच्याच मंडळाने करावं. बामणोदची वांगी इथे नाहीत, काट्याकुट्यांवर भाजायची सोय नाही, तरी ओव्हनमधलं ते भरीत आणि कळण्याची पुरी मी दोनदा मागून घेतली. तेव्हा कोणाला डुलकी लागली तर दोष दोघांचाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं की कादंबरी लिहायला शिकलात कुठे. खरं सांगू का, आजीला पुस्तकं वाचून दाखवताना. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, आजीला अक्षरओळख नाही, मी सातवी-आठवीत असेन, लायब्ररीतून आणलेली कादंबरी रात्री ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचो. एकदा एक प्रेमभंग झालेला नायक घर सोडून निघून जातो आणि तीन दिवसांनी परत येतो, मी आपला गळा दाटून वाचतोय, आणि आजी मध्येच आमच्या अहिराणी बोलीत म्हणते, "मंग तीन दिन म्हैसनी धार कोनी काढी?" मी वैतागलो, म्हटलं अगं तो दुःखात आहे! तर म्हणे, "दुख त्याले शे, म्हैसले काय!"

पुढे माझ्या पहिल्या कादंबरीच्या खर्ड्यात नायक चाळीस पानं नुसता पाऊस बघत विचार करत होता. खर्डा साभार परत आला आणि मला म्हैस आठवली. आता धार काढल्याचं वर्णन छापायलाच पाहिजे असं नाही, पण ती कोणी काढली हे लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. शेजारच्या वहिनीने काढली असेल तर ती चिडलेली असणार, अर्धं दूध तिने ठेवून घेतलं असणार, आणि हा परत आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलेल? झाला की सीन उभा. तेव्हापासून मी आवडलेलं पुस्तक दोनदा वाचतो, दुसऱ्यांदा फक्त "आठ दिवसांनंतर" असं जिथे जिथे येतं तिथे थांबून, की ह्या बाबाने नेमकं काय गाळलंय.

बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, तुम्हाला मी काय सांगणार. जात्यावर, शेतात गाणी सुचायची, मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली, त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक 1952 मध्ये आलं. (मागून कोणीतरी म्हणतंय बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली. बरोबर आहे दादा, आसोदा-जळगावचा भाग तो.) मला तर त्या टिपणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. शिकलेली माणसं होती, सोपानदेव तर स्वतः कवी, सहज शुद्ध करून टाकलं असतं सगळं, पण बोली तशीच राहू दिली.

हे अवघड असतं, माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीत म्हातारी बांधावरून नातवाला हाक मारते, "कथा जाई ऱ्हायना?" तुमच्यातले धुळे-अमळनेरवाले हसले, पुणेवाल्यांसाठी सांगतो, अहिराणीत कथा म्हणजे कुठे, म्हणजे ती विचारतेय की कुठे चाललास. प्रूफ तपासणारे गृहस्थ बिचारे सज्जन, त्यांना वाटलं टायपिंगची चूक आहे. छापून आलं, "कथा जात राहिली." म्हातारी बांधावर उभी, नातू पुढे चाललाय, आणि ही म्हणतेय कथा जात राहिली!

मी कपाळाला हात लावला. पण एका परीक्षणात त्याच वाक्यावर अख्खा परिच्छेद आला, काळाचं प्रतीक वगैरे, आणि दोन-तीन वाचकांची तर पत्रं आली की वाक्य वहीत उतरवून ठेवलंय. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही, त्यामुळे ते तसंच आहे. बाहेर टेबलावर प्रती ठेवल्यात, पान 112, घरी नेऊन पेनाने दुरुस्त करा.